टाकीचा तळ उघडून पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही

चाकणच्या एका कारखान्यातील देखभाल विभागाच्या अभियंत्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे डीजी सेटसाठी (डिझेल जनरेटरसाठी) ५० किलोलिटरची उभी, सपाट तळाची डिझेलची टाकी आहे आणि बॉयलरसाठी फर्नेस ऑइलच्या प्रत्येकी २० किलोलिटरच्या दोन आडव्या टाक्या सॅडलवर (खालच्या आधारांवर) बसवलेल्या आहेत. तिन्ही टाक्या १८ वर्षांपूर्वीच्या आहेत. बाहेरून कोठेही गळती दिसत नाही, दोन वर्षांपूर्वी रंगकाम झाले आहे आणि गेल्या वर्षी यूटी (अल्ट्रासोनिक) गेजने शेलची, म्हणजे टाकीच्या बाजूच्या भिंतीची, जाडी मोजली तेव्हा ती उत्तम आली. डिझेलची टाकी आता रिकामी करून आतून तपासावी असे अभियंत्यांना वाटते. जाडी चांगली आली असताना टाकी उघडण्याचा खर्च कशासाठी, असे व्यवस्थापन विचारते आहे. नेमक्या कोणत्या चाचण्या कराव्यात आणि किती वर्षांनी कराव्यात, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

तुमचे म्हणणे बरोबर आहे आणि व्यवस्थापनाला पटवून देता येईल इतकी ठोस कारणे त्यामागे आहेत. मी गेली २६ वर्षे पुणे परिसरात अशा टाक्यांच्या तपासणीचे काम करतो. शेलची जाडी मोजली म्हणजे टाकी तपासली, हा समज मला जितक्या ठिकाणी आढळला तितका दुसरा कोणताही आढळला नाही. उभ्या टाकीचे शेल हा तिचा सर्वांत कमी झिजणारा भाग असतो. बाहेरून त्याला रंग असतो, आतून डिझेलचा थर असतो आणि त्याच्यावर सगळ्यांची नजर असते. तळाचे तसे नसते. त्याच्या वरच्या बाजूला पाणी आणि गाळ बसतो, खालची बाजू पायाला टेकलेली असते आणि यांपैकी एकही बाजू टाकी चालू असताना कोणाला दिसत नाही. शेलवर घेतलेले शंभर आकडे तळाविषयी एक अक्षरही सांगत नाहीत.

डिझेलच्या टाकीत पाणी येते कोठून, असा प्रश्न हमखास येतो. दिवसा टाकी तापते तेव्हा आतली हवा व्हेंटमधून बाहेर जाते. रात्री टाकी थंड झाली की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि तिच्यातील वाफ थंड पत्र्यावर जमून थेंबाथेंबाने खाली उतरते. डिपच्या, म्हणजे टेप सोडून तेलाची पातळी मोजण्याच्या तोंडाच्या, झाकणाचे गॅस्केट खराब असेल तर पावसाचे पाणीही आत जाते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी जाते आणि तळाचा पत्रा जेथे किंचित खोलगट झाला असेल, किंवा पत्र्यावर पत्रा ठेवून केलेल्या लॅप वेल्डिंगच्या कडेला, ते साचून राहते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जीवाणू वाढतात, त्यांच्यापासून आम्ल तयार होते आणि पत्रा सगळीकडे सारखा न झिजता ठिकठिकाणी खड्डे पडू लागतात. या खड्ड्यांनाच आपण पिटिंग म्हणतो. पत्र्याची सरासरी जाडी साडेपाच मिलिमीटर असताना एकाच खड्ड्यात ती दोन मिलिमीटर उरलेली असू शकते आणि टाकी गळते ती त्या खड्ड्यातून.

खालच्या बाजूने होणारी झीज निराळी असते. पाया भरताना मुरूम किंवा वाळू नीट चाळली नसेल आणि तिच्यात काळ्या मातीचा गोळा राहिला असेल, तर तो गोळा ओलावा धरून ठेवतो आणि त्याच्यावर टेकलेल्या पत्र्याला बरोबर तेवढ्याच जागी गंज लागतो. टाकीचा तळ आणि चौथरा यांच्यामधली कडेची फट बुजवलेली नसेल, तर शेलवरून ओघळणारे पावसाचे पाणी सरळ तळाखाली शिरते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर असे चार महिने ही फट ओलीच असते. चौथऱ्याच्या खाली काळी माती असेल, तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि टाकी एका बाजूला बसू लागते. म्हणून तपासणीच्या वेळी टाकीच्या परिघावर किमान ८ ठिकाणी लेव्हल घेऊन ती आधीच्या नोंदीशी ताडून पाहावी. आधीची नोंद नसेल, तर यावेळची नोंद हीच पुढच्यांसाठी पहिली नोंद ठरेल.

भोसरीतील एका कारखान्यात पाहिलेली एक गोष्ट येथे सांगतो. टाकी साफ झाल्यावर ज्वालारोधक बॅटरी घेऊन मी मॅनहोलमधून आत उतरलो. तळ एकंदर चांगला दिसत होता. जाडी सगळीकडे साडेपाच मिलिमीटरच्या आसपास येत होती. डिपच्या तोंडाच्या बरोबर खाली मात्र रुपयाच्या नाण्याएवढी एक वाटी पडली होती आणि बाकीचा तळ काळपट असताना ती वाटी तेवढी चकचकीत होती. रोज सकाळी डिप घेताना टेपचे पितळी वजन वर्षानुवर्षे त्याच जागेवर आपटत होते. प्रत्येक वेळी गंजाचा पातळ थर निघून जाई, खालचा नवा धातू उघडा पडे, तो पुन्हा गंजे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खरवडला जाई. त्या वाटीत पत्रा १.९ मिलिमीटर उरला होता. डिपच्या तोंडाखाली एक जाड स्ट्रायकर प्लेट वेल्ड केलेली असती, तर हे झालेच नसते. त्याच टाकीच्या शेलच्या जाडीचे तीन वेगवेगळ्या वर्षांचे अहवाल फाइलमध्ये व्यवस्थित लावलेले होते.

गळती झाली असती तर रोजच्या डिपमध्ये कळले असते, असे व्यवस्थापन म्हणेल. त्यांच्यापुढे पुढचा हिशेब ठेवा. सेकंदाला एक थेंब गळत असेल आणि एक मिलिलिटर म्हणजे साधारण २० थेंब धरले, तर दिवसाला सव्वाचार लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटरपेक्षा जास्त डिझेल जमिनीत जाते. ५० किलोलिटरच्या टाकीचा व्यास ४ मीटर धरला, तर तिच्यातील पातळी १ मिलिमीटर उतरणे म्हणजे साडेबारा लिटर. म्हणजे या गळतीने पातळी दिवसाला एक तृतीयांश मिलिमीटर उतरते आणि डिपच्या टेपवर ते दिसणे शक्य नाही. त्यात डिझेलचे आकारमान तापमानातील दर एका अंशाला सुमारे ०.०८ टक्क्याने बदलते. टाकीत ४० किलोलिटर माल असेल आणि तो सकाळपेक्षा दुपारी ५ अंशांनी गरम असेल, तर आकारमान १६० लिटरने वाढते, म्हणजेच पातळी जवळजवळ १३ मिलिमीटर चढते. महिनाभराच्या गळतीइतका हा फरक आहे. म्हणून तापमानाची दुरुस्ती न करता घेतलेली डिप ही खपाची नोंद म्हणून ठीक असली, तरी गळतीची चाचणी म्हणून तिला अर्थ नाही. डीजी सेट बंद असतील अशा दोन दिवसांत सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवून, दोन्ही दिवशी पहाटे एकाच वेळी, डिप आणि मालाचे तापमान दोन्ही घेतले, तर निदान मोठी गळती तरी पकडता येते.

जमिनीत गेलेले डिझेल वर येऊन दिसेल, या आशेवरही राहू नये. पुण्याच्या परिसरातील खडक बेसाल्टचा आहे आणि पाणी त्याच्या भेगांमधून वाहते. डिझेलही त्याच भेगा धरते आणि टाकीपासून बऱ्याच अंतरावरच्या बोअरवेलच्या पाण्याला वास येईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. ते पाणी पिणाऱ्या लोकांचा तुमच्या कारखान्याशी काहीही संबंध नसतो. मला या कामात सर्वांत जास्त काळजी त्यांचीच वाटते.

आता प्रत्यक्ष उघडण्याविषयी. टाकी रिकामी झाली म्हणजे सुरक्षित झाली असे कोणीही समजू नये. तळाचा गाळ हलवला की त्यातून नव्याने वाफ सुटते. त्यामुळे सकाळी आलेला गॅस टेस्टचा आकडा दुपारी लागू राहत नाही. आत माणूस असेपर्यंत मोजणी चालूच असली पाहिजे. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांपेक्षा कमी नसावा, ब्लोअरने हवा सतत खेळती ठेवावी, टाकीला जोडलेल्या प्रत्येक पाइपला ब्लाइंड, म्हणजे पाइप पूर्ण बंद करणारी चकती, टाकावे (व्हॉल्व्ह बंद आहे एवढ्यावर भागवू नये) आणि मॅनहोलपाशी एक माणूस सतत उभा असावा, त्याला दुसरे कोणतेही काम देऊ नये. कारखाने अधिनियम, १९४८ मधील कलम ३६ हे अशाच जागांसाठी होते; २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेने घेतली आहे. गाळ काढणाऱ्या कंत्राटदाराकडून हे सगळे होईल असे गृहीत न धरता आत उतरण्याच्या परमिटवर सही करणाऱ्याने स्वतः तेथे उभे राहावे. निघालेला गाळ हा घातक कचरा आहे. तो प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडेच गेला पाहिजे आणि त्याची कागदपत्रे तुमच्याकडे राहिली पाहिजेत.

तळ स्वच्छ झाल्यावर तो ब्लास्टिंग करून (कणांचा जोराने मारा करून) पांढरा धातू दिसेपर्यंत उघडा करावा. येथे खर्च वाचवण्याचा मोह होतो, पण गंजाने भरलेला खड्डा सपाट पत्र्यासारखाच दिसतो आणि त्याच्यावर यूटीचा प्रोबही नीट बसत नाही. सगळ्यात आधी डोळ्यांनी पाहावे. दिवा तळाला जवळजवळ समांतर धरला की खड्ड्यांच्या सावल्या पडतात आणि सरळ प्रकाशात न दिसणारे बरेच काही दिसते. सापडलेल्या प्रत्येक खड्ड्याची खोली पिट गेजने मोजावी आणि मॅनहोलची दिशा दाखवून तळाच्या नकाशावर तिची जागा मांडावी.

वरचे खड्डे डोळ्यांना दिसतात, खालचे दिसत नाहीत. त्यासाठी एमएफएल (मॅग्नेटिक फ्लक्स लीकेज) स्कॅनिंग करतात. या पद्धतीत पत्रा चुंबकित करतात आणि जेथे धातू कमी झाला असेल तेथे चुंबकीय क्षेत्र पत्र्याबाहेर पसरते, ते उपकरण टिपते. हे उपकरण संशयित जागा दाखवते. नेमकी जाडी नंतर यूटीने मोजावी लागते. शिवाय शेलला लागून असलेल्या पट्ट्यात ते पोहोचू शकत नाही, आणि तळावर सर्वांत जास्त ताण तर त्याच पट्ट्यात असतो. त्यामुळे शेलच्या कडेने यूटी दाट अंतराने घ्यावी. तुमच्या टाकीचा तळ सुमारे साडेबारा चौरस मीटरचा आहे, तेव्हा बारीक चौकटी आखून सगळ्याच तळावर यूटी घेणेही एका दिवसात शक्य आहे. चार बाजूंना आणि मध्ये अशा पाच जागी जाडी घेऊन दिलेला अहवाल मात्र स्वीकारू नका. अशा पाच आकड्यांत खड्डा सापडला, तर तो केवळ योगायोग असतो.

तळाच्या वेल्डिंगसाठी व्हॅक्यूम बॉक्स ही साधी आणि विश्वासाची चाचणी आहे. वेल्डवर साबणाचे पाणी लावून वर काचेची पेटी ठेवतात, पेटीतील हवा ओढून तिचा दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे २१ किलोपास्कलने कमी करतात, आणि कोठे छिद्र असेल तर तेथे बुडबुडे येतात. शेल आणि तळ यांना जोडणाऱ्या आतल्या वेल्डची, बारीक भेगा दाखवणारी डाय पेनिट्रंट किंवा मॅग्नेटिक पार्टिकल चाचणी करून घ्यावी.

आकडे हाती आल्यावर त्यांचा अर्थ कसा लावायचा, हे उदाहरणाने सांगतो. मूळ पत्रा ६ मिलिमीटरचा होता. १८ वर्षांत वरून सर्वांत खोल खड्डा २.२ मिलिमीटरचा पडला आणि खालून सर्वांत जास्त झीज ०.८ मिलिमीटर झाली असे समजू. सुरक्षिततेसाठी दोन्ही एकाच जागी आहेत असे धरू, म्हणजे उरले ३ मिलिमीटर. झिजण्याचा वेग दोन्ही मिळून वर्षाला ०.१६७ मिलिमीटर. तळाखाली गळती कळण्याची आणि अडवण्याची सोय नसेल, तर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) ६५३ या मानकानुसार पुढच्या तपासणीच्या दिवशी तळाची जाडी २.५ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. म्हणजे हातात उरतो अर्धा मिलिमीटर आणि त्यासाठी ३ वर्षे. निम्मा पत्रा शिल्लक असताना टाकीला तीनच वर्षे मिळतात, हे व्यवस्थापनाला प्रथम खरे वाटत नाही. त्यावर उपाय आहेत: खोल खड्ड्यांवर पॅच प्लेट लावता येते, आतून लायनिंग करून वरची झीज थांबवता येते, किंवा तळच बदलता येतो. पण यांपैकी कोणता उपाय लागेल, हे आकडे मिळाल्याशिवाय ठरवता येत नाही.

तळ बदलला किंवा शेलला मोठी दुरुस्ती केली, तर पाण्याने पूर्ण उंचीपर्यंत भरून चाचणी घेण्याचा आग्रह धरा. पूर्ण उंची हे शब्द महत्त्वाचे आहेत. २ जानेवारी १९८८ रोजी अमेरिकेत पिट्सबर्गजवळ फ्लोरेफ येथे डिझेलची एक प्रचंड टाकी पहिल्यांदाच काठोकाठ भरत असताना वरपासून खालपर्यंत उभी फाटली. ती दुसऱ्या राज्यातून सुटी करून आणलेल्या, ४० वर्षे जुन्या पोलादाच्या पत्र्यांची पुन्हा उभारलेली टाकी होती. वेल्डजवळ एक जुना दोष होता, थंडीत पोलाद ठिसूळ झाले होते आणि पाण्याची चाचणी पूर्ण उंचीपर्यंत घेतलेलीच नव्हती. सुमारे १.४ कोटी लिटर डिझेल बाहेर पडले आणि त्यातील सुमारे २८ लाख लिटर बांध ओलांडून मोनोंगहेला नदीत गेले. एपीआय ६५३ ची पहिली आवृत्ती त्यानंतर, १९९१ मध्ये निघाली. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने पाण्याने भरलेल्या टाकीवर डिझेलच्या वेळेपेक्षा जास्तच भार येतो आणि दोष असेल तर तो पाण्यातच उघडा पडतो. टाकी भरून २४ तास ठेवावी. तुमच्या टाकीला १० हजार लिटरचे पाच टँकर लागतील. ते पाणी नंतर सरळ गटारात सोडू नका, ईटीपीकडे (सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे) न्या आणि टाकी लगेच कोरडी करा.

टाकी उत्तम असूनही तेल बाहेर जाते, त्याची दोन कारणे मला वारंवार दिसतात. पहिले म्हणजे टँकर खाली करताना टाकी ओसंडणे. लोणीच्या तेल डेपोतून आलेला टँकर फाटकात उभा असतो, चालक घाईत असतो आणि टाकीत किती जागा आहे हे न मोजताच होज जोडला जातो. ११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमध्ये बन्सफील्ड येथे पेट्रोलच्या टाकीचा गेज अडकला, उच्च पातळीचा स्वतंत्र स्विच चालला नाही, टाकी ओसंडत राहिली आणि वाफेच्या ढगाचा स्फोट झाला. तुमच्या टाकीवर असा स्विच असेल, तर पॅनेलवरचे बटण दाबून दिवा लागतो का हे पाहणे म्हणजे दिव्याची चाचणी झाली. फ्लोट हाताने उचलून अलार्म वाजतो आणि पंप थांबतो, हे पाहिले पाहिजे.

दुसरे कारण म्हणजे डाइकचा, म्हणजे टाक्यांभोवतीच्या संरक्षक भिंतीचा, ड्रेन व्हॉल्व्ह. सर्वांत मोठ्या टाकीतील सगळा माल मावेल एवढी डाइक बांधतात आणि पावसाचे पाणी काढण्यासाठी तिला व्हॉल्व्ह ठेवतात. एका कारखान्यात जुलै महिन्यात दुपारी मोठा पाऊस पडला, डाइक भरली आणि पाणी काढायला कोणीतरी व्हॉल्व्ह उघडला. पाळी बदलली आणि व्हॉल्व्ह तसाच राहिला. रात्री पंपाच्या होजची जोडणी सुटली आणि काही शे लिटर डिझेल त्या उघड्या व्हॉल्व्हमधून पावसाळी नाल्यात गेले. सकाळी मी तेथे पोहोचलो तेव्हा नाल्याच्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग पसरले होते आणि पलीकडच्या वस्तीतील एक बाई मुलांना काठावरून मागे ओढत होती. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट सांगतो: व्हॉल्व्ह डाइकच्या बाहेर असावा, त्याला कुलूप असावे आणि किल्ली ज्याच्याकडे असेल त्याचे नाव लॉगबुकमध्ये असावे. डाइकच्या भिंतीतून पाइप जेथे बाहेर येतो तेथील फट आणि फरशीच्या भेगाही तपासा. २०१४ च्या जानेवारीत अमेरिकेतील चार्ल्स्टन येथे तळाला छिद्रे पडलेल्या टाकीतून रसायन गळले आणि संरक्षक भिंत असूनही ती अभेद्य नसल्याने ते एल्क नदीत पोहोचले. सुमारे ३ लाख लोकांना नळाचे पाणी वापरता येईना.

तुमच्या आडव्या टाक्यांचे काम तुलनेने सोपे आहे, कारण तळ बहुतांशी खालून दिसतो. दिसत नाही तो सॅडलवर टेकलेला भाग. तेथे पाणी अडकते, म्हणून सॅडलच्या दोन्ही कडांना आणि सर्वांत खालच्या रेषेवर यूटी घ्या. इन्सुलेशन असेल तर जेथे त्याचे आवरण फाटले आहे किंवा नोझलपाशी उघडे आहे, तेथे ते काढून पाहा, कारण भिजलेली ग्लास वूल वर्षभर ओली राहू शकते. तेल गरम ठेवणाऱ्या स्टीम कॉइलला पाण्याच्या दाबाची चाचणी देणे विसरू नका. कॉइलला बारीक छिद्र असेल, तर टाकीत पाणी येते आणि फर्नेस ऑइलमध्ये पाणी का सापडते याचा शोध लोक टँकरवाल्याकडे घेत बसतात.

किती वर्षांनी, या प्रश्नाचे उत्तर एपीआय ६५३ मध्ये असे आहे: महिन्यातून एकदा तुमच्याच माणसाने फिरून पाहावे, पात्र निरीक्षकाने बाहेरून निदान ५ वर्षांतून एकदा तपासावे, आणि झीज किती वेगाने होते हे ठाऊक नसेल तर आतली पहिली तपासणी साधारणपणे १० वर्षांच्या आत व्हावी. पुढची तारीख वर सांगितलेल्या हिशेबावरून ठरते. तुमच्या टाकीच्या बाबतीत ती पहिली मुदत ८ वर्षांपूर्वीच उलटली आहे. आपल्याकडे तपासणीसाठी ओआयएसडी-१२९ (ऑइल इंडस्ट्री सेफ्टी डायरेक्टोरेटचे) हे मानक आहे. लहान, कारखान्यात तयार होऊन येणाऱ्या टाक्यांसाठी एसटीआयचे (स्टील टँक इन्स्टिट्यूटचे) एसपी००१ हे मानक अधिक जवळचे आहे, तुमच्या आडव्या टाक्यांना ते लावा.

५० किलोलिटर डिझेल म्हणजे पेट्रोलियम नियम, २००२ खालील पेसोचा (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचा) परवाना तुमच्याकडे असणारच. तळ बदलण्यासारखा फेरफार करायचा झाला, तर काम सुरू करण्यापूर्वी त्यांची मंजुरी घ्या. काम दिवाळीनंतर ठेवा. हवा कोरडी असते, ब्लास्टिंग केलेल्या पत्र्यावर काही तासांत पुन्हा गंज चढत नाही आणि लायनिंग नीट बसते. तीन आठवडे धरा आणि तोवर डीजी सेटला तात्पुरत्या टाकीतून डिझेल देण्याची सोय आधीच करून ठेवा. नाहीतर उत्पादन विभागाच्या दबावाखाली टाकी अर्धवट तपासून बंद होते. मॅनहोल बंद करण्यापूर्वी डिपच्या तोंडाखाली स्ट्रायकर प्लेट बसवली आहे ना, ते स्वतः पाहा आणि तिच्या जाडीइतका फरक पातळीवरून लिटर सांगणाऱ्या डिप चार्टमध्ये त्याच दिवशी करून घ्या. पत्र्याचे आकडे आले की तळाच्या नकाशासकट पाठवा, पुढची तारीख ठरवायला मी मदत करीन.